वयानुसार भूक बदलते, ॲप बदलत नाही

नवीन पेशंट आला की मी पूर्वी विचारायचे, "जेवणात काय असतं?" उत्तर ठरलेलं असायचं. "साधंच, डॉक्टर. पोळी-भाजी, वरण-भात." हल्ली मी त्याला आणखी एक प्रश्न जोडते, "आणि आठवड्यातून किती वेळा बाहेरून मागवता?" याचं उत्तर मात्र वयाप्रमाणे बदलतं. पंचविशीतला मुलगा आधी शेजारी बसलेल्या आईकडे बघतो आणि मग "फार नाही" म्हणतो. पंचेचाळिशीतल्या बाई म्हणतात, "दमून आले की मागवते, काय करणार?" पंचाहत्तरीतले आजोबा म्हणतात, "मला कुठं जमतंय ते! मुलगी तिकडून पाठवते."

तिघांच्या घरी जेवण येतं ते एकाच ॲपवरून, पण तिघांची कारणं वेगळी आहेत. पहिला मुख्यतः चवीसाठी मागवतो, दुसरी वेळ वाचवायला मागवते आणि तिसऱ्याची ती गरज असते. म्हणून माझा सल्लाही तिघांना सारखा नसतो. पहिल्याला मी "कमी करा" म्हणते, दुसरीला "निम्मंच मागवा" म्हणते आणि तिसऱ्याला कधीकधी "अवश्य मागवा" असं चक्क प्रिस्क्रिप्शनवर लिहून देते. असं का, ते आज समजावून घेऊ या.

आमच्या घरातली तीन वयं

तयार जेवण दारात येणं आपल्याला नवीन नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरचं जेवण कामाच्या ठिकाणी पोचवत आहेत. मी शिकत असताना खानावळीचा डबा यायचा आणि त्यात काय असेल हे डबा उघडल्यावरच कळायचं. झोमॅटोची सुरुवात २००८ मध्ये 'फूडीबे' या नावाने, हॉटेलांची मेनूकार्डं दाखवणारी वेबसाइट म्हणून झाली. स्विगी २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी कधी मोबाइलवरून काही मागवलं नव्हतं, तेही नाइलाजाने शिकले. आज अनेक घरांत आजी, आई आणि नातू एकाच पडद्यावरचं जेवण जेवतात.

आमच्याही घरात तिन्ही पिढ्या आहेत. माझा मुलगा चोवीस वर्षांचा. तो आधी ऑफर बघतो, मग रेटिंग, मग फोटो. कालपर्यंत नाव न ऐकलेला पदार्थ मागवण्यात त्याला मजा वाटते. मी पन्नाशी ओलांडलेली. मी गेली कित्येक वर्षं त्याच तीन हॉटेलांमधून तेच चार पदार्थ मागवते. चष्मा सापडला नाही तर तेही मागवत नाही. आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं बारीक अक्षर दिसेनासं होतं. नेमकी ॲपवर महत्त्वाची माहिती त्याच अक्षरात असते.

माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या स्वतः कधीच मागवत नाहीत. मी काही मागवलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "अगं, पण हे केलंय कुणी?" मुलगा म्हणतो, "आजी, चार पॉइंट चार रेटिंग आहे." त्या म्हणतात, "असेल. पण हात कुणाचा?" मुलाचा विश्वास हजारो अनोळखी लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर आहे, सासूबाईंचा ओळखीच्या हातावर. शिवाय ओटीपी, ऑनलाइन पैसे, चुकून कुठलं तरी बटण दाबलं जाईल ही धास्ती. वर्तमानपत्रात फसवणुकीच्या इतक्या बातम्या वाचल्यावर ती धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. दाराशी येणाऱ्या मुलाच्या हातात रोख पैसे दिले की त्यांना बरं वाटतं.

ही आवडीनिवडीची गोष्ट झाली. मला डॉक्टर म्हणून काळजी वाटते ती पुढची. बिर्याणीची तीच प्लेट तीन वेगळ्या वयांच्या शरीरात गेली की तीन वेगळ्या गोष्टी करते.

विशी-तिशी: प्रश्न घड्याळाचा

तरुण शरीर खूप सहन करतं आणि तक्रार उशिरा करतं. त्यामुळे या वयात बाहेरच्या जेवणाचा त्रास लगेच जाणवत नाही. माझ्याकडे येणारी बरीच तरुण मुलं पोटाची तक्रार घेऊन येतात. सकाळी घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं, झोप पूर्ण होत नाही. विचारलं तर रात्रीचं जेवण साडेअकराला आणि साडेबाराला आडवं. पोट भरलेलं असताना आडवं झालं की पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत यायला वाट मोकळी मिळते. त्यात तेलकट जेवण पोटात जास्त वेळ रेंगाळतं. या मुलांना गोळ्यांआधी घड्याळ बदलायला लागतं.

अलीकडे एक सत्तावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याच कारणासाठी केलेली सोनोग्राफी घेऊन आला. यकृतात चरबी होती. "पण डॉक्टर, मी दारू पीत नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. दारू न पिताही यकृतात चरबी साठते. वाढलेला कंबरेचा घेर, बैठं काम, गरजेपेक्षा जास्त खाणं आणि गोड पेयं ही त्याची नेहमीची कारणं. त्याचा फोन उघडून आम्ही दोघांनी मागच्या महिन्याच्या ऑर्डरी वाचल्या. अशी खाण्याची डायरी मला पूर्वी कुठल्याच पेशंटकडून इतकी खरी मिळत नव्हती! जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमध्ये कोल्ड्रिंक होतं. "ते मला नको असतं," तो म्हणाला, "पण ते घेतलं की कूपन लागतं."

३०० मिलीच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवावी. पंचवीस-तीस रुपये वाचवायला दिवसभराची साखर एका घोटात संपवली, असा हा हिशोब.

या मुलाला मी ॲप काढून टाकायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दोन दिवसांत परत घेतलं असतं आणि मला सांगितलं नसतं. तीन गोष्टी ठरल्या. ऑर्डर रात्री आठच्या आत करायची. कोल्ड्रिंक नाही, कूपन गेलं तरी चालेल. आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतः ठरवून मागवायचं, बाकीचे दिवस डबा. सोबत रोजचं चालणं. सहा महिन्यांत वजन साडेचार किलोने उतरलं. यकृताची ही अवस्था सुरुवातीला सुधारणारी असते, म्हणून ती तरुणपणी सापडणं हे नशीबच समजा.

चाळिशी-पन्नाशी: प्रश्न मिठाचा

या वयातली माणसं हौसेने कमी आणि थकव्याने जास्त मागवतात. पोळ्यावाल्या मावशी आल्या नाहीत, मुलाची परीक्षा आहे, ऑफिसातून निघायलाच आठ वाजले. अशा घरातल्या बाईला "स्वयंपाक घरीच करत जा" असं सांगणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. दमलेल्या माणसाने एखादा दिवस जेवण मागवलं तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त या वयात रक्तदाब दबक्या पावलांनी येतो, हे लक्षात ठेवायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतातल्या सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. सुमारे ११ टक्के लोकांना मधुमेह होता आणि १५ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर होते.

दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे एक छोटा चमचा सपाट भरून. त्यात कणकेतलं, भाजीतलं, लोणच्या-पापडातलं, बिस्किटातलं, सगळं आलं. हॉटेलच्या ग्रेव्हीत मीठ नेहमी जास्त असतं. ग्रेव्ही आधी करून ठेवलेली असते, नंतर प्रत्येक ऑर्डरला त्यात मसाला, लोणी, सॉस पडतो आणि प्रत्येक पायरीला थोडं थोडं मीठ येतं. चायनीजमधला सोया सॉस तर मिठाचाच अर्क. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. जिभेला ते तेवढं खारट लागत नाही, कारण सोबत साखर, आंबट आणि तिखटही असतं.

म्हणून या वयाला माझा सल्ला असतो, निम्मं मागवा. भाजी एक मागवा, भात घरी लावा, पोळ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आणा. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर पाच मिनिटांत होते. तिच्यात मीठ घालू नका, दही किंवा लिंबू पुरतं. मागवलेल्या ग्रेव्हीत घरचं उकडलेलं फ्लॉवर-मटार घातलं की चार माणसांना पुरते आणि प्रत्येकाच्या ताटातलं मीठ-तेल कमी होतं. सूचना लिहायची जागा असेल तिथे "मीठ कमी, लोणी नको, सॉस वेगळा द्या" असं लिहा. प्रत्येक हॉटेल ऐकेलच असं नाही, पण बरीच ऐकतात.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांनी मेनूवर कॅलरी दाखवाव्यात, असा एफएसएसएआयचा नियम आहे. तो आकडा बारीक अक्षरात असतो, पण शोधा. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण २००० कॅलरी धरतात. एका बर्गर-फ्राइजच्या जोडीने त्यातला निम्मा वाटा खाल्ला तर निदान रात्री काय जेवायचं ते ठरवता येतं. मिठाचा आकडा मात्र मेनूवर क्वचितच दिसतो.

साठीनंतर: प्रश्न वेळेचा आणि सोबतीचा

आता ज्यांच्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहिते आहे, त्यांच्याकडे येते. ज्येष्ठांच्या बाबतीत तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

पहिली गोष्ट हृदयाची. ज्यांच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे किंवा मूत्रपिंड मंदावलं आहे, त्यांना जास्तीचं मीठ बाहेर टाकता येत नाही. मीठ अंगात राहिलं की ते पाणी धरून ठेवतं. शनिवार-रविवार मुलं-नातवंडं येतात, प्रेमाने चायनीज किंवा पिझ्झा मागवतात, आजोबाही दोन घास जास्त खातात. सोमवारी ते पायाला सूज आणि धाप घेऊन माझ्याकडे येतात. औषधं तीच असतात, बदललेलं असतं ते फक्त जेवण. अशा पेशंटने रोज सकाळी, लघवी करून आल्यावर आणि खाण्याआधी, वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. लगेच डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गोष्ट मधुमेहाची, आणि ही नीट वाचा. माझे एक पेशंट आहेत, बहात्तर वर्षांचे, जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन घेणारे. एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी जेवण मागवलं. पडद्यावर "३० मिनिटे" असं आलं, म्हणून त्यांनी हिशोबाने इन्सुलिन टोचलं. पाऊस वाढला, रस्ता तुंबला, तीस मिनिटांची ऐंशी झाली. शेजारच्या वहिनी सहज वाटी परत द्यायला आल्या, तेव्हा काका घामाने भिजलेले, शब्द अडखळत होते आणि स्वतःच्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. साखर ४२ होती. वहिनींनी प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत ते सावरले. एकटे असते आणि वहिनी आल्या नसत्या, तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

ॲपवरची वेळ हा अंदाज असतो. इन्सुलिन अंदाजावर चालत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक मधुमेही पेशंटला मी हे पाठ करायला सांगते:

- जेवण घरात आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका. अर्धा तास आधी घ्यायचं असेल तर जेवण आल्यावर टोचा आणि अर्ध्या तासाने जेवण गरम करून जेवा. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्यांनाही हाच नियम.
- घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा, गरज पडली तर पुन्हा घ्या आणि मग जेवा.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. श्वासनलिकेत जाऊ शकतं. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.
- घरात ग्लुकोज, बिस्किटं आणि एखादं फळ कायम हाताशी ठेवा.

तिसरी गोष्ट एकटेपणाची. वय वाढलं की वासाची आणि चवीची जाण बोथट होते, भूक कमी होते, दात साथ देत नाहीत. त्यात जोडीदार गेलेला असेल तर एकटीसाठी कुकर लावायचाही कंटाळा येतो. एक आजी माझ्याकडे दर तीन महिन्यांनी यायच्या. वर्षभरात त्यांचं वजन सहा किलोने कमी झालं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग मी विचारलं, "आजी, काल संध्याकाळी काय जेवलात?" म्हणाल्या, "चहा आणि खारी." परवा? "चहा आणि टोस्ट." स्वयंपाकघरात सगळं भरलेलं होतं. जेवायला बसायला कारण नव्हतं.

म्हातारपणी असं खाल्लं की अंगातले स्नायू झिजतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, तोल जातो, एके दिवशी बाथरूममध्ये पडणं होतं आणि खुब्याचं हाड मोडतं. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. चहा-खारीतून ती कुठून मिळणार? (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

या आजींच्या कागदावर मी लिहिलं, "रोज संध्याकाळी एक गरम जेवण. बाहेरून आलं तरी चालेल." त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. ती ऑफिसात बसून तिथून इथल्या जेवणाची ऑर्डर देते आणि जेवण पोचलं की व्हिडिओ कॉल लावून आई जेवेपर्यंत बोलत बसते. सुरुवातीला तिने पिझ्झा, पनीर टिक्का असं स्वतःच्या आवडीचं पाठवलं. आजी म्हणाल्या, "चावतच नाही गं मला." मग आम्ही यादी केली. मुगाची खिचडी, इडली-सांबार, दही-भात, मऊ पोळी आणि वरण, ऑम्लेट. मीठ-तिखट कमी. आठवड्यातून चार दिवस जवळच्या ताईंचा डबा, तीन दिवस ॲप. चार महिन्यांत दोन किलो वजन परत आलं. कुठल्याही टॉनिकपेक्षा स्वस्तात.

आता सासूबाईंच्या "हात कुणाचा?" या प्रश्नात मला तथ्य दिसतं. ज्येष्ठांना वयाबरोबर अन्नातून होणारी विषबाधाही जास्त बाधते. म्हणून ठराविक एक-दोन ठिकाणंच ठेवा, त्यांचा एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक ॲपवर बघून घ्या. आलेलं जेवण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा. "फेकायचं कशाला" म्हणून सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवण्याची आपल्या आधीच्या पिढीची सवय प्रेमाने मोडा.

घरात बसून करता येईल असं

येत्या रविवारी सगळे एकत्र असताना घरातल्या ॲपवरच्या मागच्या महिन्याच्या ऑर्डरी उघडा. किती ऑर्डरी रात्री दहानंतरच्या आहेत? किती जेवणांसोबत गोड पेय आहे? त्यातलं कुठलं जेवण घरातल्या बीपी, शुगर किंवा हृदयाच्या पेशंटनेही खाल्लं? एवढ्या तीन प्रश्नांवरून तुमच्या घराला काय बदलायला हवं ते कळेल. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षर मोठं करून द्या, त्यांच्या तीन-चार पदार्थांची ऑर्डर "पुन्हा मागवा" म्हणून एका बोटात येईल अशी ठेवा आणि दोन-तीनदा शेजारी बसून त्यांच्याच हाताने करवून घ्या.

आणि तुमचे आई-वडील दुसऱ्या गावी एकटे राहत असतील तर आज फोनवर "जेवलात का?" विचारून थांबू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात. "काय जेवलात?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. इन्सुलिन किंवा इतर कुठल्याही औषधाचा डोस आणि वेळ आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला.)